दुसऱ्याच्या हातचे डोळे

१

दोष विश्वेश्वर दोड्डप्पांचा. आई गप्प बसली, भटजींनी घड्याळ दाखवलं आणि अंगठा लावला तो खुद्द संग्रामनं. तरी दोष दोड्डप्पांचाच. हे आधी सांगून टाकलेलं बरं, कारण त्या घरात दोष नेहमी सगळ्यांत लहान माणसाच्या ताटात वाढला जातो.

दोड्डप्पा म्हणजे संग्रामच्या वडलांचे थोरले भाऊ. घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेमागून बेंगळुरात आलेलं. घरात मराठी, अंगणात कन्नड आणि नात्यांच्या नावांत दोन्हीची खिचडी. वडील गेले तेव्हा संग्राम बारा वर्षांचा होता. तेव्हापासून मल्लेश्वरमच्या त्या लाल फरशीच्या घरात दोड्डप्पांनी हं म्हटल्याशिवाय पान हललं नाही.

तीन वर्षांपूर्वी धाकट्या हर्षिताचा डावा डोळा बिघडला. बुबुळावर तांदळाएवढा पांढरा ठिपका आला. दोड्डप्पा नवस बोलले, देवीला चांदीचे डोळे वाहीन. आईनं, म्हणजे मथुराबाईंनी, पदराआड औषधाचे थेंब आणले आणि दर तासाला एक असे आठ दिवस घातले. डोळा बरा झाला. श्रेय नवसाला गेलं.

नवस फेडायची त्यांच्यात एक रीत आहे. ज्याचा डोळा दुखला, त्यानंच स्वतःच्या हातानं देवीला डोळे बसवायचे. देवी म्हणजे देव्हाऱ्यातला नारळाएवढा गोटा, शेंदराच्या पुटांनी गुळगुळीत झालेला. त्याला नाक नाही, तोंड नाही. चांदीच्या पत्र्याचे दोन डोळे मेण लावून बसवायचे, झालं. अश्विनातला शुक्रवार ठरला. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं.

आठ वाजता हर्षिता मागच्या पायरीवर जाऊन बसली. तेरा वर्षांची पोर, दुसऱ्यांदाच आलेली पाळी. दोड्डप्पांच्या भाषेत तिला कावळा शिवला होता. आईनं हळूच विचारलं, पुढच्या शुक्रवारी केलं तर? दोड्डप्पांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मुहूर्त काय हिच्यासाठी थांबणार आहे? संग्राम बसवील. भाऊच आहे ना? रक्त एकच."

संग्राम तेव्हा अठराचा होता. त्याला हे सगळं हास्यास्पद वाटत होतं, आणि हास्यास्पद वाटणाऱ्या गोष्टीशी भांडण्यात त्याला अर्थ दिसत नव्हता. त्यानं डोळे बसवले. आधी उजवा, मग डावा. डावा जरा खाली घसरला म्हणून त्यानं अंगठ्यानं दाबून धरला. मेणात त्याच्या अंगठ्याचा ठसा उमटला. मेण बराच वेळ थंड होईना. त्याला वाटलं, आपलीच बोटं गरम असतील.

मागच्या पायरीवरून हर्षिता विचारत होती, झालं का, मी नाश्ता करू का?

२

त्यानंतर संग्रामनं लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा तिसऱ्या वर्षी सोडला. न केलेल्या तपासण्या केल्या म्हणून वहीत लिहा, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. तो नाही म्हणाला. पुढे आणखीही काही म्हणाला, त्यानंतर परत जायची सोय राहिली नाही. दोड्डप्पांना मात्र आयुष्यभराची सोय झाली. घरात गॅस संपला तरी ते म्हणत, अर्धवटांच्या घरात सगळं अर्धवटच.

आठव्या क्रॉस रोडजवळच्या एका छोट्या लॅबमध्ये त्याला काम मिळालं. सकाळी सहाला स्कूटरवर बर्फाचा डबा बांधायचा आणि घरोघर जाऊन उपाशीपोटीचं रक्त घ्यायचं. बहुतेक म्हाताऱ्यांचं. शीर सापडेपर्यंत ते अमेरिकेतल्या मुलांच्या गोष्टी सांगत. संग्रामला एक सवय लागली होती. सुई काढली की कापूस दाबून धरताना तो समोरच्याची खालची पापणी बोटानं खाली ओढून बघे. आतली कड लाल असली तर अंगात रक्त आहे, फिकी असली तर नाही. मशीन जे तासाभरानं सांगे, ते त्याला पापणी आधीच सांगे. त्याचा अंदाज क्वचित चुके.

नवाच्या सुमाराला तो नाश्त्याला घरी यायचा. देवघरात दोड्डप्पांची घंटा चाललेली असायची, स्वयंपाकघरात फोडणी. मागच्या अश्विनातला तो शुक्रवारही तसाच होता. हर्षिता आता कॉलेजात, पहिल्या पीयूसीला, म्हणजे अकरावीला. डाव्या हातात रसायनाच्या नोट्स आणि उजव्या हातानं पोहे, अशी टेबलाशी बसली होती. संग्रामनं ताट ओढून घेतलं आणि तिच्याकडे पाहिलं.

तिच्या डाव्या डोळ्यातून रक्त येत होतं.

डबडबून आलेलं नव्हतं. एक बारीक सरळ रेघ, पापणीपासून हनुवटीपर्यंत, शिवणीच्या दोऱ्यासारखी. ती रडत नव्हती, डोळा चोळत नव्हती. तिनं पान उलटलं, पोह्यांचा घास घेतला. रक्ताचा थेंब हनुवटीवरून नोट्सवर पडला तेव्हा तिनं वर बघून विचारलं, "अण्णा, तुझ्या हाताला काही लागलंय का?"

तो तिचाच अण्णा, तिचा थोरला भाऊ, आणि त्यानं खरंच आधी आपले हात बघितले. हात कोरडे होते. भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. ते त्याच्या लक्षात राहिलं, पण तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

आई किंचाळायच्या बेतात होती. देवघरातून दोड्डप्पा बाहेर आले, घंटा हातातच. त्यांनी एक क्षण पोरीचा चेहरा पाहिला. मग आत जाऊन ताम्हण आणलं आणि तिच्या हनुवटीखाली धरलं. डॉक्टर हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही.

३

पुढच्या मंगळवारी पुन्हा. मग शुक्रवारी. देवीचे वार.

तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या धनलक्ष्मी अक्का आल्या, त्यांच्यामागून त्यांची बहीण, मग सगळी गल्ली. दोड्डप्पांनी हॉलमधला सोफा भिंतीला लावला आणि चौरंग मांडला. हर्षिताला हिरवी साडी नेसवली. नऊ दहाला रेघ उतरे, पाच-सात मिनिटं चाले आणि नळ बंद करावा तशी थांबे. बायका ताम्हणात कापसाचे बोळे टेकवून घरी नेत. शिवाजीनगरातून एक म्हातारा आपल्या आंधळ्या होत चाललेल्या बायकोला घेऊन आला आणि चौरंगापुढे आडवा पडला. दोड्डप्पा दारात उभे राहून लोकांना रांगेत सोडत. तीस वर्षं सरकारी कचेरीत फायली अडवून ठेवलेला माणूस, रांग लावणं त्यांच्या रक्तातच होतं.

संग्रामला सगळ्यांत जास्त चीड आली ती एका साध्या गोष्टीची. मधल्या एका शुक्रवारी हर्षिताची पाळी आली. ती सवयीनं उठून मागच्या पायरीवर जाऊन बसली. दोड्डप्पा स्वतः मागं गेले, तिच्यापुढे हात जोडले आणि तिला आत घेऊन आले.

"आईला कसला विटाळ?" ते म्हणाले.

आई म्हणजे देवी. खरी आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं पंचवीस वर्षं दर महिन्याचे चार दिवस त्या पायरीवर काढले होते. ती काही बोलली नाही. त्या पिढीनं गप्प बसण्याला सोशिकपणा असं नाव दिलंय. संग्रामच्या मते त्याचं खरं नाव वेगळं आहे.

४

दोड्डप्पा आनेकलला एका लग्नाला गेले, त्या बुधवारी संग्रामनं हर्षिताला स्कूटरवर मागं बसवलं आणि डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. ती यायला तयार नव्हती. मला काही दुखत नाही, मग कशाला, असं वाटभर म्हणत होती.

डॉक्टर कावेरी चाळिशीच्या होत्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी ऐकून तोंड वाकडं केलं नाही, की हातही जोडले नाहीत. रक्ताचे अश्रू ही त्यांच्या दृष्टीनं तक्रार होती, खोकल्यासारखी. कारणं त्यांनी बोटांवर मोजली. पापणीच्या आत जखम असेल, लाल गाठ असेल. अश्रूंची पिशवी सुजली असेल. नाकातलं रक्त उलट्या वाटेनं वर चढत असेल, कारण डोळा आणि नाक एकाच नळीनं जोडलेले असतात. रक्त गोठण्यात दोष असेल, रक्तदाब असेल. क्वचित अश्रूंच्या पिशवीत वाईट जातीची गाठ असते, ती नजरेतून सुटायला नको. आणि काही बायकांना पाळीच्या दिवसांत डोळ्यातून रक्त येतं, तसं होतं का?

"नाही," हर्षिता म्हणाली. "वारानं येतं."

डॉक्टरांनी पेन थांबवलं आणि पुन्हा चालू केलं.

दोन दिवस तपासण्या चालल्या. पापण्या उलट्या करून पाहिल्या. नळीत पाणी सोडलं, ते सरळ घशात उतरलं. नाकातून दुर्बीण घातली. स्कॅन काढला. गोठण्याच्या सगळ्या चाचण्या केल्या. बुबुळावर जुन्या ठिपक्याचा पुसटसा व्रण होता, बाकी डोळा लख्ख. मुलांमध्ये पुष्कळदा कारण सापडतच नाही, डॉक्टर म्हणाल्या, येतं तसं आपोआप जातं. मग हर्षिताला बाहेर बसायला सांगून त्यांनी आवाज उतरवला.

"तुम्ही लॅबमधले आहात म्हणून स्पष्ट बोलते. पहिला प्रश्न आपण शेवटी विचारतोय. हे रक्तच आहे का? आणि असलं तर तिचंच आहे का? या वयाची मुलं काहीही करतात. घरातली मोठी माणसंही करतात."

संग्रामला राग यायला हवा होता. त्याला बरं वाटलं. दोड्डप्पा चोर ठरत असतील तर याहून सोपं निदान नव्हतं.

५

शुक्रवारी त्यानं हातमोजे घातले, रांग मोडून चौरंगापाशी गेला आणि दोड्डप्पांनी काही म्हणायच्या आत हर्षिताच्या गालावरूनच थेंब नळीत घेतले. ताम्हणातले नाही, गालावरचे. ती त्याच्याकडे बघत होती. पापणी लवत नव्हती. रक्त आतून येत होतं, पापणीच्या कोपऱ्यातल्या त्या सुईच्या टोकाएवढ्या भोकातून. कुणी लावत नव्हतं, कुणी पुसत नव्हतं. त्यानं स्वतः पाहिलं.

लॅबमध्ये त्यानं पांढऱ्या टाइलवर तीन थेंब ठेवले. रक्तगट काढायला दोन मिनिटं लागतात. पहिल्या थेंबात अँटी-ए द्रव, दुसऱ्यात अँटी-बी, तिसऱ्यात अँटी-डी. ज्यात दाणे धरतात, तो गट; तिसऱ्यात धरले तर पॉझिटिव्ह. हर्षिता ओ पॉझिटिव्ह. पहिल्या वर्षाला असताना सरावासाठी त्यानं घरातल्या प्रत्येकाचं बोट टोचलं होतं. म्हणजे आता पहिल्या दोन थेंबांत काही होणार नव्हतं, तिसऱ्यात दाणे.

दाणे धरले ते दुसऱ्या थेंबात. तिसरा दुधासारखा सपाट राहिला.

बी निगेटिव्ह.

त्यानं टाइल धुतली आणि पुन्हा केलं. मग द्रवांच्या नव्या बाटल्या फोडून केलं. हातमोजे काढून बोटं तपासली, कुठे टोचलंय का, कापलंय का. नव्हतं. चौथ्यांदा त्यानं स्वतः काहीच केलं नाही. नाव न लिहिलेली नळी रविकिरणकडे दिली. रविकिरण दिवसपाळीचा टेक्निशियन, बेळगावकडचा, चेष्टेखोर.

पाच मिनिटांनी तो टाइल घेऊन आला. "काय रे, स्वतःचंच रक्त किती वेळा तपासशील? विसरतोस काय गट?"

"माझं आहे असं कोण म्हणालं?"

"बी निगेटिव्ह या अख्ख्या लॅबमध्ये तू एकटा." त्यानं भिंतीवरच्या यादीकडे हनुवटी केली. अडीनडीला कुणाला बोलवायचं, त्या दुर्मीळ गटवाल्यांच्या यादीत संग्रामचं नाव दुसरं होतं.

घरातही तो एकटाच. आई ओ पॉझिटिव्ह, दोड्डप्पा ए पॉझिटिव्ह. वडील बी निगेटिव्ह होते, ते नऊ वर्षांपूर्वी गेले. शहरात मात्र बी निगेटिव्ह हजारो असतील, संग्रामनं स्वतःला बजावलं. दोड्डप्पा कुठून तरी आणत असतील. पण कुठून, आणि पापणीच्या आत कसं, याचं उत्तर त्याला सापडलं नाही. तो विचार करताना खुर्चीतून उठला आणि त्याला गरगरलं, म्हणून सहज आपलंही रक्त मशीनला लावलं.

जानेवारीत रक्तदान केलं तेव्हा हिमोग्लोबिन चौदा पॉइंट सहा होतं. आता नऊ पॉइंट आठ.

६

महिनाभर तो वहीत आकडे लिहीत राहिला. सोमवारी रक्त, मंगळवारी दुपारी रक्त. सोमवारचा आकडा आणि मंगळवारचा आकडा कधी सारखे आले नाहीत. बुधवार ते गुरुवार काही हलत नसे. शुक्रवारी पुन्हा खाली. स्वतःच्या रक्तस्रावाची जेवढी कारणं असतात तेवढी त्यानं शोधली. पोट, आतडी, जंत, मूळव्याध, काही नाही. एका डॉक्टरानं लोहाच्या गोळ्या दिल्या, त्यांनी शौचाला काळं झालं आणि आकडा घसरतच राहिला. आठ पॉइंट नऊ. आठ पॉइंट एक. जिने चढताना तो मध्येच थांबून मोबाइल बघितल्यासारखं करू लागला. म्हातारे विचारू लागले, तुमचंच रक्त कुणी तपासतं का हो?

तो दोड्डप्पांशी बोलला. ते सकाळचा पेपर वाचत होते. संग्राम म्हणाला, ते रक्त हर्षिताचं नाही, माझ्याकडे रिपोर्ट आहे.

दोड्डप्पांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला. "हर्षिताचं आहे असं मी कधी म्हटलं?"

संग्रामनं रिपोर्टचा कागद त्यांच्यापुढे धरला.

"देवीचं आहे ते. तुला तुझ्या नळीत जे दिसतं ते दिसतं. अर्धवट शिकलेल्या माणसाला अर्धंच दिसायचं." आणि त्यांनी पेपर उघडला.

उरली हर्षिता. ती मागच्या अंगणात केस वाळवत बसली होती. त्याच पायरीवर, पण आता आपण होऊन. त्यानं तिला टाइलचं सांगितलं, वही दाखवली, आणि शेवटी खाली वाकून स्वतःची खालची पापणी बोटानं ओढली. आतली कड कागदासारखी पांढरी होती. त्यानं ती रोज आरशात पाहिली होती.

तिनं निरखून पाहिलं. 

"म्हणजे तुझं आहे ते."

"हो."

"अण्णा, या पायरीवर ताट कसं देतात माहितेय तुला? लांबून सरकवतात. कुत्र्याला देतात तसं. तू आत बसून जेवत असायचास. आवाज यायचा मला, तुझ्या वाटीचा." ती केसांतला गुंता सोडवत होती, रागावली नव्हती. "आता दोड्डप्पा माझ्या पाया पडतात. त्या चार दिवसांतसुद्धा. त्यांचं टक्कल दिसतं मला वरून."

"हर्षी, मी मरेन."

तिनं कंगवा थांबवला. तिच्या डाव्या डोळ्यातला तो जुना व्रण उन्हात चमकला.

"सगळं नको," ती समजुतीनं म्हणाली. "स्वल्प दे की."

स्वल्प म्हणजे थोडंसं. भाजीवाल्याकडे मूठभर कोथिंबीर वर मागताना ती हाच शब्द, याच आवाजात वापरायची.

७

आकडा सात पॉइंट दोन झाला, त्या मंगळवारी संग्राम कामावर गेला नाही.

तो काय समजून चालला होता, हे त्याला विचारलं तर सांगता आलं नसतं. त्याचा देवीवर विश्वास नव्हता. नवसावर तर नव्हताच. पण रात्रंदिवस आकडे बघून एक गोष्ट त्याच्या डोक्यात बसली होती. त्या घड्याळातले नऊ दहा त्यानं याआधी एकदा पाहिले होते, अंगठ्याखाली मेण धरून.

नऊ वाजता हॉल भरला. देवघरात कुणीही नव्हतं. देवी बाहेर चौरंगावर बसल्यावर आत कोण थांबतो? समईसुद्धा कुणी लावली नव्हती. खिडकीतून येणाऱ्या उजेडात तो गोटा शेंदरी, बसका दिसत होता. चांदीचे डोळे काळवंडले होते. डावा अजून जरासा घसरलेलाच.

संग्रामनं खिशातून सर्जिकल ब्लेडचं पाकीट काढलं. बाहेर घंटा सुरू झाली. मग बायकांचा तो एकत्र सुस्कारा आला, म्हणजे रेघ उतरली. त्याला दरदरून घाम फुटला. त्यानं एक हात देव्हाऱ्याच्या चौकटीवर टेकवला. अशक्तपणा, तो मनात म्हणाला. सात पॉइंट दोनला माणसाला असंच होतं, पुस्तकात आहे.

डाव्या डोळ्याच्या कडेला त्याच्या अंगठ्याचा ठसा तसाच होता. तीन वर्षांत त्यावर धूळ बसली नव्हती. त्यानं बोट लावलं. मेण मऊ होतं, आणि गरम.

सकाळपासून समई लागलेली नाही, हे त्याला तेव्हा आठवलं.

ब्लेडचं टोक पत्र्याखाली सरकवून त्यानं वर उचललं. पत्रा सहज सुटला, भरत आलेल्या जखमेवरची खपली सुटते तसा. त्यामागून मेणाचा पापुद्रा निघाला. त्याखाली शेंदूर असायला हवा होता, शेंदराखाली दगड.

संग्रामनं आयुष्यात हजारभर पापण्या खाली ओढून पाहिल्या होत्या. पांढऱ्या, पिवळट, गुलाबी. त्यामुळे समोर काय आहे, हे कळायला त्याला वेळ लागला नाही. ती आतली कड होती. ओली, लालबुंद, रक्तानं तट्ट भरलेली. एवढा निरोगी रंग त्यानं कुणाच्याच पापणीत पाहिला नव्हता.

मग ती मिटली.

सावकाश, पोट भरलेल्या माणसाचा डोळा लागतो तशी.

बाहेर घंटा थांबली. कुणीतरी कुजबुजलं. धनलक्ष्मी अक्कांचा आवाज आला, थांबलं गं, आज लवकर थांबलं. संग्रामला उजवा डोळाही काढायचा होता. तेवढ्यासाठीच तो आला होता. त्यानं ब्लेड उचललं, पण पत्र्याची कड त्याला सापडेना. ती डावीकडे कुठेतरी असायला हवी होती, आणि डावीकडे काहीच नव्हतं. त्याला वाटलं, मेण डोळ्यात उडालं. त्यानं मनगटानं पुसलं. मग हातानं उजवा डोळा झाकून पाहिला.

देवघर नव्हतं, खिडकी नव्हती, हातही नव्हता. फक्त शेजारी कुणीतरी संथपणे श्वास घेतल्यासारखं वाटलं. तो त्याचा स्वतःचाही असेल.

८

त्या दिवसापासून हर्षिताच्या डोळ्यातून थेंबही आला नाही. तीन शुक्रवार लोक आले, बसले, उठले. चौथ्या शुक्रवारी सोफा पुन्हा मधे आला.

डॉक्टर कावेरींनी संग्रामचा डावा डोळा तपासला, त्यानं काहीच दिसत नव्हतं. पडदा ठीक, नस ठीक, दाब ठीक, बुबुळ स्वच्छ. मेंदूचा स्कॅन स्वच्छ. रक्त हळूहळू भरून येत होतं, बारा पॉइंट चारपर्यंत आलं. बहिणीच्या कागदावर कारण या शब्दापुढे त्यांनी रेघ मारली होती. भावाच्या कागदावरही मारली, आणि मग दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. तुम्ही घरी काही केलंत का, त्यांनी विचारलं. संग्राम म्हणाला, नाही.

दोड्डप्पांना एकाक्ष देवी घरात चालणार नव्हती. त्यांनी नवा डावा डोळा घडवून आणला. या खेपेला बसवायला संग्रामला कुणी बोलावलं नाही. हर्षिता आपण होऊन उठली, आत गेली आणि स्वतःच्या हातानं तो बसवून आली. मुहूर्त काय होता कुणास ठाऊक, कुणी घड्याळ पाहिलं नाही. मेण कसं होतं, हे संग्रामनं तिला विचारलं. थंड, ती म्हणाली. त्यानंतर ती त्याच्याशी बोललेली नाही.

पुढच्या महिन्यात ती पुन्हा मागच्या पायरीवर बसली. ताट आईनं लांबून सरकवलं. स्वयंपाकघरात जेवताना संग्रामची वाटी ताटाला लागली तेव्हा तिनं मान वळवून दारातून आत पाहिलं. दार त्याच्या डावीकडे होतं, म्हणून हे त्याला पूर्ण मान फिरवल्याशिवाय कळलं नाही.

दोड्डप्पांनी एकदाही काही विचारलं नाही. पाहुणे आले की ते सांगतात, पोराला लहानपणापासून ऐकायची सवय नाही, त्याचं फळ. आई चहाचे कप गोळा करते.

देव्हाऱ्यातला उजवा डोळा अजून संग्रामच्याच हातचा आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी तो घरी नाश्ता करत नाही.

दोड्डप्पांचा तो मुहूर्त साधला होता, मिनिटाचाही फरक नाही. संग्रामला तो एका डोळ्याच्या किमतीला पडला.